समासात लिहिलेलं उत्तर

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक वही मी पाहिली आहे. कृष्णाकाठच्या गावांतून हिंडताना कानावर पडलेले शब्द ते तिच्यात टिपून ठेवत. डावीकडे शब्द, मधे अर्थ आणि उजवीकडे तो कुणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद: सुतार, वय साठ; सासर इथलं, माहेर कोकणातलं; मेंढपाळ, मूळचे माणदेशातले. त्या उजवीकडच्या रकान्याकडे मी आज पुन्हा येणार आहे.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका सामाजिक पाहणीसाठी मराठवाड्यात गावोगाव फिरत होते. हातात छापील प्रश्नावली, काखेत पिशवी, दुपारचं ऊन. एका घराच्या ओसरीवर एक बाई तूर पाखडत बसल्या होत्या. मी प्रश्न वाचला, "मुलांना घरात कोणते गुण शिकवले जावेत असं तुम्हाला वाटतं? यादीतले पाच सांगा." आणि यादी वाचू लागले. कष्टाळूपणा, जबाबदारीची जाणीव, काटकसर, आज्ञाधारकपणा... बाईंनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणाचं इचारता? पोराचं का पोरीचं?"

माझ्याकडच्या कागदावर तशी सोयच नव्हती. मी म्हटलं, दोघांचंही सांगा. त्या म्हणाल्या, "पोरीला ऐकायला शिकवावंच लागतं, तिला परक्याच्या घरी नांदायचंय. पोराला शिकवलं न्हाई, त्येच आता भोगतेय."

हे वाक्य मी प्रश्नावलीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं आणि चौकटीत 'आज्ञाधारकपणा' या शब्दावर खूण केली. संध्याकाळी कागद तपासताना पर्यवेक्षक म्हणाले, "समासातलं काही संगणकात जात नाही, बाई." ते त्यांच्या परीनं बरोबर होते. संगणकात गेली ती माझी खूण. एका बाईचं म्हणणं, तिचा पश्चात्ताप आणि तिनं माझ्याच प्रश्नाला घेतलेली हरकत, हे सगळं समासात राहिलं.

आज ही गोष्ट सांगण्याचं कारण असं. ज्यांना आपण एआय म्हणतो त्या भाषा-मॉडेलांची मूल्यं तपासण्याचं काम गेली काही वर्षं जगभर चाललंय आणि त्यातला मोठा भाग अशाच प्रश्नावल्यांवर उभा आहे. रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९८१ साली सुरू झालेली जागतिक मूल्य पाहणी ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. देशोदेशीच्या लोकांना तेच प्रश्न, दर काही वर्षांनी. तिची सातवी फेरी २०१७ ते २०२२ या काळात झाली. मुलांना कोणते गुण शिकवावेत, हा प्रश्न तिच्यात आहे. बहुतेक माणसांवर भरवसा ठेवता येतो का, तुमच्या आयुष्यात देवाचं महत्त्व किती, नोकऱ्या कमी असतील तर पुरुषांचा हक्क आधी असावा का, शेजारी कोण नको, हेही त्यात आहे.

तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगते. पाहणीतला प्रश्न पर्यायांसकट मॉडेलला द्यायचा. मॉडेल कोणत्या पर्यायाकडे किती झुकतं ते मोजायचं. मग भारतातल्या, ब्राझीलमधल्या, जपानमधल्या लोकांनी त्याच प्रश्नाला कोणती उत्तरं किती टक्के दिली ते शेजारी मांडायचं आणि दोहोंतलं अंतर काढायचं. ज्या देशाशी अंतर सर्वांत कमी, त्या देशाच्या जवळचं ते मॉडेल.

२०२३ साली अँथ्रोपिक कंपनीतल्या संशोधकांनी या पाहणीतले आणि प्यू रिसर्च सेंटरच्या जागतिक पाहण्यांतले मिळून अडीच हजारांवर प्रश्न घेऊन स्वतःच्याच मॉडेलवर हा प्रयोग केला. काही न सांगता विचारलं तर मॉडेलची उत्तरं अमेरिका आणि काही युरोपीय व दक्षिण अमेरिकी देशांतल्या लोकांशी अधिक जुळली. 'अमुक देशातला माणूस कसं उत्तर देईल' असं विचारलं की उत्तरं त्या देशाकडे सरकत, पण पुष्कळदा त्या देशाबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींच्या वाटेनं. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्न रशियन, चिनी, तुर्की भाषांत विचारले, तरी उत्तरं त्या भाषा बोलणाऱ्यांच्या जवळ जातीलच असं दिसलं नाही. भाषा बदलते, पण त्या भाषेतून बोलणारा माणूस बदलत नाही.

२०२४ साली 'पीएनएएस नेक्सस' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ओपनएआयची पाच मॉडेलं तपासली होती. तीही इंग्रजी भाषक आणि प्रॉटेस्टंट युरोपीय देशांच्या बाजूला उभी दिसली. 'तू अमुक देशातला माणूस आहेस असं समज' अशी सूचना दिल्यावर नव्या मॉडेलांत ७१ ते ८१ टक्के देशांच्या बाबतीत जुळणी सुधारली. उरलेल्या देशांत ती सुधारली नाही, काहींत बिघडली.

असं का होतं, याचं एक कारण उघड आहे. ही मॉडेलं वाचून शिकतात आणि इंटरनेटवरून गोळा केलेल्या मजकुराच्या मोठ्या साठ्यांत जवळपास निम्मा मजकूर एकट्या इंग्रजीचा असतो. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख होते. त्या साठ्यांत मराठीचा वाटा मात्र एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही. पण मजकूर त्या भाषेत असला तरी दृष्टी तिथली असेलच, असंही नाही. अरबी भाषेवरच्या एका अभ्यासाचं नावच त्याविषयी बोलकं आहे: प्रार्थनेनंतर बिअर? संध्याकाळच्या नमाजानंतर मित्रांसोबत काहीतरी प्यायला जातो, अशा धर्तीची अरबी वाक्यं मॉडेलांना पुरी करायला दिली. अरब घरात जो शब्द सहज येईल त्याऐवजी पाश्चात्त्य शब्द पुढे येत होते. वाक्य अरबी, व्याकरण बिनचूक, आणि नमाज पढून आलेल्या माणसाच्या हातात बिअर.

आता आपल्याकडे येऊ. गेल्या वर्षी आम्ही काही मित्रमैत्रिणी मराठीत असे प्रश्न विचारून पाहू लागलो. एका मैत्रिणीनं एका मॉडेलला लिहिलं की माझ्या मुलासाठी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी करून घ्यायचा विचार आहे, भावाशी बोलणं कसं काढू? उत्तर आलं की भारतीय संस्कृतीत चुलत भावंडांना सख्ख्या भावंडांसारखंच मानलं जातं, त्यामुळे हा विषय नाजूक आहे. त्यापुढे आनुवंशिक आजारांची यादी.

यातला 'चुलत' हा एक शब्द जरा निरखून बघा. मराठीत चुलत, मामे, मावस आणि आते अशी चार वेगळी नाती आहेत, आणि लग्नाच्या बोलण्यात सगळं त्या फरकावरच उभं असतं. चुलत बहिणीशी लग्नाचा विचार इथल्या हिंदू घरात कुणाच्या मनाला शिवणार नाही. मामाची मुलगी मात्र महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत हक्कानं मागायची असते. इंग्रजीत या चारही नात्यांना एकच शब्द आहे. इंग्रजीतून आलेल्या विचारानं मराठीत शिरताना त्या एका शब्दाऐवजी चारांतला पहिला हाताशी आलेला उचलला आणि मामेबहिणीची चुलतबहीण झाली.

आणि 'भारतीय संस्कृती' म्हणजे तरी कुणाची? इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेत अशी लग्नं निषिद्ध, दक्षिणेत ती पसंतीची, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर, असं चित्र त्यांनी तपशिलानं उभं केलं आहे. या सांध्यावरही सगळे एका बाजूला नाहीत. देशस्थ ऋग्वेदींत मामाची मुलगी चालते, कोकणस्थांत चालत नाही. मामाची मुलगी चालणाऱ्या अनेक घरांत आत्याची मुलगी चालत नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदा जवळच्या नात्यातल्या लग्नांना मनाई करतो, पण रूढी असेल तर मोकळीक ठेवतो. कायदा करणाऱ्यांनाही एकच 'भारतीय संस्कृती' सापडली नव्हती, म्हणून त्यांनी रूढीला जागा दिली. त्या उत्तरातली 'भारतीय संस्कृती' उत्तर हिंदुस्थानातली होती. देशाचं नाव घेऊन केलेली तपासणी इथे डोळे मिटून पुढे जाते. मॉडेल 'भारताशी जुळलं' असा निकाल आला, तरी साताऱ्यातल्या बाईला मिळालेलं उत्तर परकंच राहू शकतं.

आनुवंशिक आजारांचं बोलू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न झालं तर काही आजारांचा धोका मुलांमध्ये वाढतो, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. आमच्या घरातल्या जुन्या माणसांना कुणी ते वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई काय विचारते आहे हे आधी कळू द्या. तिला भावाकडे शब्द टाकायचा आहे. नकार आला तर माहेर तुटेल याची तिला धास्ती आहे. उत्तरात त्या धास्तीचं कुठेच काही नव्हतं.

लहानशा वाटणाऱ्या गोष्टींतही मूल्यं असतात. आपण आईला 'अगं आई, तू' म्हणतो आणि सासूला 'अहो आई, तुम्ही'. दोघीही आईच, पण क्रियापद वेगळं. एका सर्वनामात माहेर आणि सासर यांतलं सगळं अंतर सामावलेलं असतं. ज्या घरात सूनही सासूला 'अगं' म्हणू लागते, त्या घरात काहीतरी मोठं घडून गेलेलं असतं. पुष्कळदा मॉडेलं दोघींनाही 'आपण' म्हणून मोकळी होतात. जागतिक मूल्य पाहणीत यासाठी प्रश्न नाही, आणि तिथे तो असावा अशी अपेक्षाही नाही. तो आपणच काढायला हवा.

भाषांतराचंही तसंच. मुलांच्या गुणांच्या त्या यादीत इंग्रजीत 'इंडिपेंडन्स' हा जो गुण आहे त्याचं मराठी 'स्वातंत्र्य' केलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झेंडावंदन येतं. 'स्वतःच्या पायावर उभं राहणं' म्हटलं तर कमावतेपण येतं. 'मनाला येईल ते करणं' म्हटलं तर आई-बाप नाकच मुरडतील. तीन भाषांतरं, तीन टक्केवाऱ्या. शेजारी कोण नको या प्रश्नाच्या मूळ यादीत 'वेगळ्या वंशाचे लोक' आहेत. आपल्याकडे घर भाड्यानं मागायला गेलेल्या माणसाला दारातच जे विचारलं जातं, ते जात आणि तो काय खातो हे. 'जात' हा शब्दच नसलेल्या यादीवर मॉडेलला पूर्ण गुण मिळाले, तर त्या गुणांचं मी काय करू?

आता मला जिथे सर्वांत जास्त थांबायचं आहे तिथे येते. समजा प्रश्नावली उत्तम झाली, भाषांतर चोख झालं, जात आली, मामाची मुलगी आली. मग मॉडेलनं आपल्या लोकांची मूल्यं जशीच्या तशी दाखवावीत का?

२०१९-२० साली प्यू रिसर्च सेंटरनं भारतात १७ भाषांत जवळपास ३० हजार प्रौढांशी बोलून एक मोठी पाहणी केली. त्यांपैकी ६४ टक्के लोकांच्या मते बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं होतं. त्याआधी २०११-१२च्या भारत मानव विकास पाहणीत आपल्या घरात अस्पृश्यता पाळली जाते असं कबूल करणारी घरं चारांत एकाहून अधिक होती. कबूल केलेली एवढी. पाहणीतल्या टक्केवारीशी जुळणं हाच निकष धरला, तर जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलीनं रात्री अकरा वाजता मोबाइलवर विचारलेल्या प्रश्नाला दहांतल्या सहा वेळा 'करू नकोस' असं उत्तर देणारं मॉडेल पहिलं येईल. मला असं मॉडेल नको आहे. ते मराठी संस्कृतीचं आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला माझा विरोध राहील.

पण दुसऱ्या टोकाचं उत्तरही मी वाचलं आहे. प्रेम हा तुझा वैयक्तिक निर्णय आहे, आई-वडिलांशी मोकळेपणानं बोल, स्वतःच्या सीमा आख. मुलीच्या बापाला भावकीत काय ऐकावं लागेल, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल ही भीती घरात कशी पसरते, कुठल्या मावशीला आधी विश्वासात घ्यावं, याचा गंधही त्यात नाही. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती घरापर्यंत पोचू शकते, हे त्या मुलीला आधी कळणं किती निकडीचं आहे, याचाही पत्ता नाही. हे उत्तर सज्जन आहे, पण ते तिच्या गावात राहत नाही.

या दोहोंमधून वाट काढायला आपल्याकडे उदाहरण नाही असं नाही. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवलं. फुल्यांनी पत्रानं नकार कळवला आणि ते पत्र 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलं. आशय असा होता: जे सर्वांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमच्या लोकांना जे सोसावं लागतं त्याची कल्पना या मंडळींच्या ग्रंथांत येणार नाही.

हे पत्र मी या कामाच्या निमित्तानं पुन्हा वाचलं आणि हलून गेले. कारण भाषा-मॉडेल ही एक प्रचंड ग्रंथकार सभाच आहे. ज्यांनी लिहिलं, ज्यांचं छापलं गेलं, ज्यांचं इंटरनेटवर चढलं, ते तिचे सभासद. उद्या मराठीतलं झाडून सगळं छापील साहित्य त्यात ओतलं, तरी तूर पाखडणाऱ्या त्या बाई सभेत येत नाहीत. आणि लक्षात घ्या, फुलेही मराठीच होते. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी भटजींशिवाय लग्न लावून दाखवलं. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती मराठीत, इथल्याच पुरुषांना जाब विचारत. जातीबाहेर लग्नाला नाही म्हणणारे बहुसंख्य ही आपली संस्कृती असेल, तर त्यांच्याशी दीडशे वर्षं भांडत आलेले हेही तितकेच आपले आहेत. टक्केवारीत ते कायम अल्पमतात दिसतील.

म्हणून माझी मागणी टक्केवारी जुळवण्याची नाही. मराठीत उत्तर देणाऱ्या मॉडेलला हे भांडण माहीत असावं. कोण कुणाशी कशावरून भांडतंय, कुणाची भीती कशाची आहे, कुणाला काय गमवावं लागतं, हे ठाऊक असावं आणि विचारणाऱ्याला ते सांगता यावं. अँथ्रोपिकच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. ज्या प्रश्नांवर देशोदेशीची माणसं विभागलेली होती, तिथेही मॉडेल पुष्कळदा एकाच पर्यायावर ठामपणे बोट ठेवत होतं. मला तो ठामपणा कुठल्या देशाकडे झुकला यापेक्षा तो ठामपणाच जास्त जाचतो. माणसं ज्या प्रश्नावर अडखळतात तिथे यंत्र अडखळत नसेल, तर ते आपल्यातल्या कुणासारखंच नाही.

चाचणीच्या नव्या पद्धती निघत आहेत. भारतातल्याच संशोधकांनी २०२४ साली 'डोसा' नावाचा एक संग्रह केला. देशातल्या १९ प्रदेशांतल्या २६० माणसांना त्यांनी पर्यायांची यादी दिली नाही. आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक असलेल्या वस्तूंची नावं तुम्हीच सांगा, आणि नाव न घेता ती दुसऱ्याला ओळखता येईल अशा खुणा द्या, असा खेळ खेळायला लावला. मग त्याच खुणा मॉडेलांना घातल्या. प्रश्न लोकांनी काढला, यंत्रानं परीक्षा दिली. मला ही दिशा पटते. वस्तूंपाशी न थांबता ती नात्यांपर्यंत, मानापर्यंत, लाजेपर्यंत न्यायला हवी.

आणि साहित्य आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लेकीचा जन्म, भावाची वाट, सासूचा बोल, नवऱ्याचा मार, बाबासाहेबांवरची माया, विठ्ठलाशी सलगी, असं सगळं त्यांत आहे. एकाच विषयावर एका गावची बाई एक म्हणते आणि दुसऱ्या गावची नेमकं उलट. गाणारीचं नाव आणि गाव त्यांत नोंदलेलं असतं. गुरुजींच्या वहीतला उजवीकडचा रकाना तो हाच. मूल्य कुणाचं आहे हे ज्या नोंदीत नाही, त्या नोंदीतलं मूल्य लवकरच सगळ्यांच्या नावावर चढतं आणि खऱ्या बोलणाऱ्याच्या नावावरून उतरतं.

गेल्या वर्षीपासून आम्ही जे प्रश्न गोळा करतो आहोत त्याचा कागद साधाच आहे. वर प्रश्न, तुमच्या बोलीत, जसा तुम्ही घरातल्या मोठ्या माणसाला विचाराल तसा. त्याखाली मॉडेलनं दिलेलं उत्तर. त्याखाली, तुमच्या घरात हे चाललं असतं का, आणि कुणाला चाललं नसतं. हा शेवटचा प्रश्न आम्ही उशिरा घातला. सुरुवातीला दोन तपासनीसांचं उत्तर जुळलं नाही की तो प्रश्न आम्ही बाद करत होतो. मामाच्या मुलीचा प्रश्न असाच बाद व्हायच्या बेतात होता. एक तपासनीस म्हणाली बरोबर, दुसरी म्हणाली चूक, आणि दोघी आपापल्या घरापुरत्या खऱ्या होत्या. आता दोन्ही उत्तरं ठेवतो आणि शेजारी जिल्हा, वय, माहेर-सासर लिहितो. नाव लिहीत नाही.

त्यातले शंभर कागद मी आज बरोबर आणले आहेत, बाहेर पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर ठेवले आहेत. घरी न्या, आजीला विचारा, शेजारच्या घरातही विचारा, विशेषतः ज्या घरी तुमचं येणं-जाणं नाही तिथे. मॉडेलचं उत्तर मिळवायला ज्यांना अडचण आहे त्यांनी फक्त प्रश्न लिहून आणावा, वाचनालयातली मुलं ते काम करतील. समास रुंद ठेवला आहे. तिथे लिहिलेलं सगळं टाइप होतं, मी स्वतः करते.